मामांनी आणलेली पिशवी

रक्तपेढीतून वॉर्डात रक्ताची पिशवी आणणं म्हणजे काही डोंगर फोडणं नव्हे. पण कडक मामांचा तोरा बघावा! इस्पितळात वॉर्डबॉयला सगळे मामाच म्हणतात, हे मात्र 'कडक'. एखादी म्हातारी हात जोडून विचारायची, "मामा, रक्त मिळेल ना हो लवकर?" की हे तिच्या अंगावर धावून जायचे. "रक्त काय नळाला येतं? घरातले गडी खाली पाठवा, सुई टोचून घ्या, मग तोंड उघडा!" म्हातारी पदर तोंडाला लावायची आणि मामा पुढे निघायचे. अशा माणसाबद्दल 'वरून फणस, आतून गोड' असं म्हणायची पद्धत आहे. कसला गोड! काटे आतपर्यंत होते.

त्यांची एक सवय होती. पिशवी फ्रीजमधून निघते ती गारढोण. तशीच भरभर चढवली तर पेशंट कुडकुडतो. म्हणून मामा ती वाटेत बगलेत धरायचे. आधीच्या एका मामानं शिकवलेलं. सिस्टर ओरडायच्या, "मामा, रक्त तापवायचं नसतं, पेशी फुटून त्याचं विष होतं, किती वेळा सांगू?" मामा म्हणायचे, "तापवतोय कुठं? जरा गारठा मोडतोय." त्यानं कधी कुणाचं बिघडलं नाही, म्हणून सवय मुरली आणि सिस्टरही कंटाळल्या.

मामांना एकच मुलगी. बायको लवकर गेली, तेव्हा तिला यांनीच न्हाऊमाखू घातलेलं, वेण्यासुद्धा घातलेल्या, त्याही वाकड्या. जगावर डाफरणारा हा माणूस लेकीपुढं अगदी गोगलगाय. आणि त्या लेकीनं लग्न केलं ते एका शिंप्याशी. हडकुळा, मुखदुर्बळ, सुईवर पोट भरणारा आणि दवाखान्यातली सुई दिसली की पांढराफटक पडणारा. मामा त्याला पाण्यात पाहायचे. तो घरी जेवायला आला की हे भिंतीशी बोलायचे. लेक म्हणायची, "बाबा, अहो, त्यांच्याकडे बघून तरी बोला." मामा भिंतीला म्हणायचे, "बघण्यासारखं काही असेल तर बघेन."

बाळंतपणाला ती मामांच्याच इस्पितळात आली. मुलगी झाली, धडधाकट. पण आईचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांना सलाइन लावलं, पिशव्या पिळून पिळून पाणी आत ढकललं. "पाण्यानं शीर भरते, माणूस नाही भरत. रक्त आणा, मामा, पळा!"

दारात शिंपी उभा होता. मामा खेकसले, "चल खाली. का इथंच घेरी येतेय?" तो गेला. डोळे घट्ट मिटून आडवा झाला, हात पुढे केला आणि पिशवी भरल्यावर उठता उठता म्हणाला, "अजून लागलं तर घ्या." रक्तपेढीवाल्यानं त्याची पिशवी तपासणीसाठी बाजूला ठेवली आणि बदल्यात लेकीशी जुळवलेली दुसरीच पिशवी मामांच्या हाती दिली. हा तिथला रोजचाच रिवाज. शिंप्याला कोण सांगत बसणार? तो समजला, आपलंच रक्त बायकोला चाललं.

मामा जिना चढले. बगलेत धरून रेंगाळायला वेळ कुठं होता? लेकीचे पांढरे ओठ डोळ्यांसमोर होते. "बाबा, फार थंडी वाजतेय हो," एवढंच ती मघाशी म्हणाली होती. वाटेत पेशंटची अंगं पुसायच्या पाण्याची बादली होती, नुकतीच भरलेली, वाफाळती. मामांनी पिशवी त्या पाण्यात बुडवली, हातानं हलवत राहिले, मग काढून सदऱ्याला पुसली. उभ्या जन्मात या माणसानं नोकरीत मायेनं केलेलं काम हे एवढंच.

दोघी सिस्टरनी नाव, नंबर, गट मोठ्यानं वाचला. सगळं जुळलं. पिशवी हाताला ऊन लागली असेल, पण तिकडं गादी भिजत होती, कोण थांबतंय! रक्त सुरू झालं आणि थोड्याच वेळात लेक किंचाळली, "पाठ फुटतेय, बाबा!" लघवीच्या नळीत कोऱ्या चहाचा रंग उतरला. डॉक्टरीणबाईंनी झटक्यात पिशवी बंद केली. "रक्त कुणी तापवलं का?"

"नाही हो मॅडम, आलं तसंच लावलं," सिस्टर म्हणाली.

बाई म्हणाल्या, "पिशवी नळीसकट रक्तपेढीत जाऊ दे, तपासतील." आणि नेणार कोण? मामाच की! त्यांनी ती थेट कचऱ्याच्या भट्टीत टाकली आणि वर येऊन सांगितलं, "जिन्यात निसटली, फुटली." इतर वेळी सिस्टरनं सालटी काढली असती. आज तिनं मामांच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढची पिशवी नीट चढली. रक्तस्राव थांबला, पण मूत्रपिंडं बसली आणि प्रेशर काही उभं राहीना. ते वाढवायचं औषध पंपावर लावलं, वाढवत नेलं, इतकं की लेकीची बोटं टोकाशी काळी पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. दमलेल्या डॉक्टरीणबाई शिंप्याला म्हणाल्या, "कधी कधी रक्त मानवत नाही हो." झालं! त्यानं ते वाक्य उचललं आणि काळजाला लावून घेतलं.

दिवसकार्य उरकल्यावर शिंपी मामांच्या दारात आला. पोरगी मामांकडंच होती.

"मामा, खरं सांगा. माझ्या रक्तानंच गेली ना ती?"

ते रक्त तुझं नव्हतंच, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग त्याचा पुढचा प्रश्न आला असता. आणि खरं सांगायचं तर, मामांना ती पोर हवी होती.

"होय बाबा," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्याच्याकडे बघून बोलले. "नाही मानवलं तुझं."

शिंप्यानं मान हलवली. पोरीला घ्यायला पुढं केलेले हात त्यानं मागं घेतले.

"मामा, हिच्या अंगातही माझंच रक्त आहे ना? हिला नाही ना काही होणार?"

"ते आता कोण सांगणार?" मामा म्हणाले, आणि पोरीला घेऊन आत गेले.