बिनखिशाचे तीन कोट

मावशी गिऱ्हाइकांचे कपडे दुकानात शिवायची, पण भाच्याचा कोट मात्र आतल्या खोलीत, दाराला कडी लावून. भाचा रंगमंचावर जादूचे प्रयोग करायचा. वय तेवीस. कोटातले सात चोरखिसे कुठं आहेत, हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक.

त्याच्यावर चित्रपट निघाला आणि नायकही तोच ठरला. दिग्दर्शकाचा निरोप आला, एका मापाचे तीन कोट हवेत, आतले खिसे नकोत.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली.

"खिसाच नाही, तर गायब केलेलं अंडं जाणार कुठं?"

"अगं, पातळ अस्तर कॅमेऱ्यात बरं दिसतं. तू पण ना!" भाचा हसला, पण तिच्याकडे न बघता.

तिनं कोट शिवून दिले. दिग्दर्शक फार गोड बोलायचा, आणि अशा माणसाचं माप ती दोनदा घ्यायची. चार दिवसांनी, बाही उसवली असेल म्हणून, शिवणाचा डबा घेऊन ती थेट चित्रीकरणाच्या जागी जाऊन धडकली.

तिनं शिवलेला कोट घालून एक अनोळखी माणूस टेबलाशी बसला होता. कॅमेरा फक्त त्याच्या हातांवर. बोटांवरून नाणं नुसतं वाहत होतं. भाचा बाजूला खुर्चीत, हात मांडीखाली दाबून.

"माझ्या पोराला फसवताय होय?" ती दिग्दर्शकावर कडाडली. "तोंड याचं आणि हात दुसऱ्याचे?"

दिग्दर्शकानं भाच्याकडे पाहिलं. बोलला तो भाचाच.

"मावशी, मीच सांगितलं त्यांना. दोन महिने झाले, करंगळी आणि शेजारचं, ही दोन बोटं बधिर आहेत. नाणं धरवत नाही."

मावशीनं शिवणाचा डबा खाली ठेवला. संशय घेतला परक्यावर आणि लपवाछपवी निघाली घरातच.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कोट शिवायचं थांबवलं असतंस."

दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला डॉक्टरकडे नेलं. कोपरापाशी नस दबली होती, शस्त्रक्रिया झाली. चित्रपट चालला. लोक हातांचं कौतुक करायचे, तेव्हा "ते माझे नाहीत," असं तो सरळ सांगायचा. वर्षभरानं त्यानं पुन्हा छोटे प्रयोग सुरू केले.

आता बोटं ठीक आहेत, असं तो म्हणतो. मावशी त्याच्या शब्दावर जात नाही. तो घरी आला की डोळे अधू झाल्याची थाप मारते, त्याला सुईत दोरा ओवायला लावते आणि त्याच्या करंगळीकडे टक लावून बघत बसते.