मुलं आज आत की बाहेर?

सांगा सांगा म्हणून मागे लागायचं, आणि मी सांगायला लागलो की तोंडाला रुमाल लावून हसायचं, ही आमच्या मंडळाची जुनी खोड. आता म्हणे लिहूनच द्या, अंकात छापतो! मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. सोलापूरच्या मिलमध्ये मशिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला. पान्हा धरायला सांगा, धरतो. पेन धरला की बोटं आखडतात. पण संपादकीणबाई रोज फोन करतात, आणि सूनबाई म्हणते, "लिहा ना बाबा, तेवढाच वेळ जाईल." वेळ घालवायला मी काय स्टेशनवर बसलोय?

इथं अमेरिकेत, पार्सिपनीत बर्फ पडला की नांगराची गाडी येते आणि सगळा बर्फ पार्किंगच्या कोपऱ्यात लोटून जाते. तो ढीग वरनं काळा पडतो, त्यात कुणाचा हातमोजा, कुणाचं खेळणं अडकतं, आणि सगळीकडचा बर्फ गेला तरी तो काही एप्रिलपर्यंत हलत नाही. आमचे किस्से तसलेच. एकेका लाजेचा ढीग झालाय नुसता.

गोष्ट ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची. आमच्या अपार्टमेंटच्या आवारात मराठी घरं तीन. तिन्ही घरांत नवराबायको दोघं नोकरीला, म्हणून तिन्ही घरांनी पोरं सांभाळायला इंडियाहून एकेक म्हातारं मागवलेलं. पुण्याचे गोडबोले मास्तर, हेडमास्तर होऊन रिटायर झालेले. नागपूरच्या कुसुमताई. आणि सोलापूरचा मी. आमची रूपी आणि कुसुमताईंचा अमित पहिलीत होते. मास्तरांच्या जुळ्या नाती त्याच वयाच्या. दुपारी शाळेची पिवळी बस आली की चौघं खाली उतरायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "कॅन वी गो आउट?"

आमच्या सुरेशनं, म्हणजे माझ्या पोरानं, जाताना एकच सांगितलेलं, "बाबा, फार थंडी असेल तर मुलांना बाहेर सोडू नका."

फार म्हणजे किती, ते कोण सांगणार? तुझा बाप?

*

इथला आमचा पहिलाच ऑक्टोबर महिना. मला विचाराल तर हाडं गोठत होती. सोलापुरात एवढ्या थंडीत लोक कामावर गेले नसते! मी मफलर गुंडाळून म्हटलं, "आज आत." मास्तरांनी मान हलवली. कुसुमताई म्हणाल्या, "बाप्पा, मरतील ना भाऊ पोट्टे!" ठरलं. आठवडाभर चारही पोरं खिडकीला नाक लावून बसली, आणि बाहेर गोरी पोरं अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून सायकली फिरवत होती.

शेवटी खालच्या मजल्यावरची डोरोथीबाई वर आली. हातात मोठं पातेलं. तिला वाटलं आमच्या घरांत कसली तरी साथ आलीय! पोरांना ताकद यावी म्हणून सूप करून आणलं होतं. कोंबडीचं. आणि दिलं कुणाच्या हातात? गोडबोले मास्तरांच्या!

मास्तर ते पातेलं धरून दारात पुतळ्यासारखे उभे. टाकवेना, घरात नेववेना. शेवटी मी आणि रूपीनं संपवलं. झकास होतं.

पण रिकामं भांडं परत कसं द्यायचं? कुसुमताईंनी त्यात लसणाचा चिवडा भरून दिला. दोन दिवसांनी डोरोथीबाई भेटली. म्हणाली, "छान होतं ते तुमचं सीरियल. दुधात मात्र जरा तिखट लागलं!"

सुरेशला कळलं तेव्हा तो कपाळावर हात मारून म्हणाला, "बाबा, लाज आणलीत." त्यानं पहिल्यांदा असं म्हटलं ते हे.

*

मग मास्तरांनी कारभार हातात घेतला. त्यांच्या मुलानं थर्मामीटर आणला. मास्तरांनी तो इमारतीच्या मागच्या भिंतीला स्वतः खिळा ठोकून लावला. हवा कशी, ते आता विज्ञान सांगणार! तीसच्या वर आकडा असेल तर बाहेर, खाली असेल तर आत. मी म्हटलं, "मास्तर, तीस म्हणजे तर चांगलं ऊन की." ते म्हणाले, "बापूराव, इथली डिग्री वेगळी." असेल बुवा. इथं रस्त्याची बाजूसुद्धा वेगळी.

कडाक्याची थंडी पडली तरी मास्तरांचा आकडा खुशाल पन्नासवर! पोरं रोज बाहेर. आम्ही तिघं दात वाजवत बाकावर, आणि मास्तर म्हणायचे, "थंडी मनात असते."

एक दिवस मी बघितलं, अमित आणि रूपी शाळेतनं आल्या आल्या तळघरातल्या लाँड्रीत पळाली. मागोमाग गेलो. पोरांनी कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये नाणी टाकून तो रिकामाच सुरू केलेला! मला बघून रूपी म्हणाली, "शूऽऽ आजोबा! इट मेक्स द नंबर गो अप!"

मास्तरांनी थर्मामीटर ठोकला होता तो ड्रायरची गरम हवा बाहेर पडते त्या भोकाच्या बरोबर वर.

मी कुणाला सांगितलं नाही. हेडमास्तरांची अब्रू होती. पण अमितनं आईला सांगितलं, तिनं आमच्या सुनेला सांगितलं, आणि रात्री सुरेश मलाच म्हणाला, "लाज आणलीत बाबा. जन्मभर मशिनं दुरुस्त केली आणि तुम्हाला एवढं दिसलं नाही?"

खिळा मास्तरांनी ठोकला आणि लाज मी आणली!

*

पोरं बाहेर जाणारच, तर निदान बंदोबस्त करू, असं कुसुमताईंना वाटलं. अमितला दोन स्वेटर, वर कोट, त्यावर माकडटोपी. हात आडवे करून चालायचा तो, बुजगावण्यासारखा. आणि गळ्यात भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी! सर्दीवर रामबाण.

वर्गात वास सुटला. मास्तरीणबाईंनी अमितच्या बापाला ऑफिसात फोन केला, "याच्या गळ्यात हे काय आहे?" तो बिचारा मीटिंगमध्ये. ओवा इंग्रजीत कसा समजवायचा? म्हणाला, "इट्स रिलिजस."

झालं! त्या दिवसापासून मास्तरीणबाई त्या पुरचुंडीला हात लावेनात. पोरगं जिममध्ये घामानं निथळतंय, रडतंय, "टेक इट ऑफ!" म्हणतंय, आणि बाई त्याला मायेनं सांगतायत, "नो अमित, बी प्राउड ऑफ युअर गॉड!"

यात माझा काही संबंध नव्हता. तरी सुरेश आमच्या घरी म्हणाला, "तुम्ही तिघं मिळून आम्हाला इथून हाकलून लावणार." आणि मग हळूच, ताटातनं मान वर न करता, "बाबा, आता आणखी एक तक्रार आली ना, तर रूपीला डे-केअरमध्ये घालतो आणि तुमचं तिकीट काढतो."

रूपी माझ्या मांडीवर बसून जेवत होती. तिनं विचारलं, "टिकिट टु वेअर?"



*

मग मी तोंड उघडणंच सोडून दिलं. फोन आला की मास्तर सांगतील ते खरं. "बापूराव, बाहेर." "बरं." "बापूराव, आत." "बरं." एकदा मास्तर झोपून राहिले आणि त्यांचा फोनच आला नाही, तर मी, रूपी आणि अमित कोट-बूट घालून संध्याकाळपर्यंत दाराशी उभे! शुभा, आमची सूनबाई, ऑफिसातनं आली तेव्हा पोरं कोटातच पेंगत होती. ती म्हणाली, "बाबा, काय हे? तुम्हाला स्वतःला काय वाटलं, थंडी होती की नव्हती?"

मला काय वाटतं हे त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, "मास्तरांना विचारून सांगतो."

*

आता तो शेवटचा. हाच ऐकायचा असतो तुम्हाला, माहितीय मला.

जानेवारीतला शुक्रवार. ऊन असं लख्ख की डोळे दिपावेत. थर्मामीटर आता चांगल्या जागी लावलेला. मास्तरांचा फोन आला, "बापूराव, आकडा ठीक आहे. बाहेर. आमच्या मुलींना मात्र खोकला आहे, त्या येणार नाहीत." कुसुमताई सुनेबरोबर दवाखान्यात गेल्या होत्या आणि अमितला माझ्याकडे सोडलेलं. मी दारातनं हात बाहेर काढून बघितला. वारं असं होतं की हात सोलून निघेल. मनात आलं, नको. पण माझं मन कोण विचारतंय? गेलो.

वाऱ्याचा आकडा थर्मामीटरवर नसतो, हे मला नंतर कळलं. मास्तरांनाही नंतरच.

पोरं बर्फात लोळली, हातमोजे ओले झाले, रडायला लागली. म्हटलं चला घरी. तर इमारतीचं दार आपोआप बंद झालेलं आणि चावी स्वयंपाकघरात ओट्यावर! मास्तरांची बेल दाबली, ते दुपारचे घोरतायत, नाती औषध पिऊन झोपलेल्या. डोरोथीबाई कामावर. दोघांची बोटं लालभडक. मी बूट काढले, माझे लोकरीचे पायमोजे काढले, आणि एकेक दोघांच्या हातांत चढवला. वरनं माझा कोट दोघांभोवती. बूट परत घालायला गेलो तर लेस गोठून काठी झालेली, बोटांना ऐकेना. तसाच उभा राहिलो. धोतर, स्वेटर, आणि अनवाणी.

कुत्रं फिरवणारी एक बाई रस्त्यावरनं बघत होती. मी हात केला. ती पळाली.

मग पोलिसाची गाडी आली. माणूस चांगला होता. पोरांना आधी गाडीत हीटरपाशी बसवलं. मला बरंच काही विचारलं. मी सगळ्याला "येस सर" म्हणालो. त्यामुळे प्रकरण आणखी वाढलं असावं.

तेवढ्यात सुरेशची गाडी आली. शेजारच्या सीटवर त्याचा साहेब, टाय लावलेला. त्याची गाडी गॅरेजला होती, म्हणून सुरेश त्याला स्टेशनला सोडायला निघाला होता. साहेब काच खाली करून बघायला लागला.

पोलिसानं सुरेशचं लायसन मागून घेतलं. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, हा माणूस कोण?

सुरेशनं माझ्या पायांकडे बघितलं. मग साहेबाकडे. मग म्हणाला, "बेबीसिटर. जस्ट अ बेबीसिटर. नुकताच आलाय, याला काही कळत नाही."

इंग्रजी मला बोलता येत नाही, ऐकून तुटकं कळतं. पण बेबीसिटर हा शब्द आम्हा तिघांना पक्का ठाऊक होता.

गाडीतनं रूपी ओरडली, "ही इज माय आजोबा!"

पोलिसानं सुरेशकडे बघितलं. सुरेश हसला. म्हणाला, "आमच्या लोकांत मुलं सगळ्याच म्हाताऱ्यांना आजोबा म्हणतात."

खोटं नव्हतं ते. अमितही मला आजोबाच म्हणायचा.

पोलीस माझ्याकडे वळला. नाव? बापूराव हे नुसतं हाकेचं, खरं नाव सांगितलं, "शिवराम." तो म्हणाला, "शिवराम व्हॉट?"

लायसन अजून त्याच्या हातात होतं. आडनाव छापलेलं.

मी म्हणालो, "ओन्ली शिवराम."

पोलीस गेला. सुरेश साहेबाला स्टेशनला सोडून आला. घरात शिरून दार लावलं, गरम पाण्याची बादली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "बाबा, पाय शेका."

तिकीट काही काढलं नाही. डे-केअरचा विषयही पुन्हा कुणी काढला नाही. त्या दिवसाबद्दल त्या घरात एक शब्द निघालेला नाही. शुभा आत्ता खांद्यावरनं वाचतेय आणि म्हणतेय, ह्यांचं नाव तेवढं लिहू नका हो बाबा. कुणाची माफी यायची राहिलीय हे अंकात कशाला?

लिहितो. आणि पूर्ण लिहितो. आपल्यात लिहितात तसं.

सुरेश शिवराम म्हेत्रे.