आत्याचं बाक

माझी आत्या इस्त्रीवाली. जन्मभर उभ्यानं काम करून तिचे गुडघे कामातून गेलेले. चर्चमध्ये ती आधी बसायला जागा शोधायची, मग देव.

एका रविवारी बेकरीत भट्टीवर काम करणारी बाई उपासनेला आली. काळी, दाट कुरळ्या केसांची, आमच्या वंशाची नव्हे. ती बसली आणि अख्खं बाक मोकळं झालं. कुणाला वारा हवा झाला, कुणाला खिडकी. आत्या जाऊन तिच्या शेजारी पाय पसरून बसली. मी एकदा तिच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं, तर म्हणाली, मन कसलं, गुडघे.

दोघींच्या हातांवर चटक्यांचे डाग. कुठला इस्त्रीचा, कुठला भट्टीचा, यावरून बोलणं निघालं ते थांबलंच नाही. भट्टीवाली आत्याचे गुडघे शेकायला तापली वीट फडक्यात बांधून आणायची, आत्या तिच्या पावाला नावं ठेवायची. भांडल्या की बाकाच्या दोन टोकांना बसत, पण बाक सोडत नसत.

मग आत्याच्या लेकीला मुलगी झाली. बाप्तिस्म्याला पोर हातात घेऊन उभी राहणारी धर्ममाता म्हणून आत्यानं भट्टीवालीचं नाव काढलं आणि घरात ठिणगी पडली. विहीणबाईंना चार लोकांत तोंड दाखवायचं होतं. चर्चचे मुख्य पंच समजावायला आले, बाई चांगलीच आहे हो, पण लेकराच्या पुढल्या आयुष्याचं बघा. लेक रडली. शेवटी भट्टीवालीच म्हणाली, राहू दे, मी मागं बसते.

"मागं बसलीस तर तुझं माझं संपलं," आत्या म्हणाली.

बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं, धर्ममाता कोण? पंचांची बायको तयारच होती, पुढं झाली. पोर आत्याच्या हातात होतं.

"ही भट्टीवाली उभी राहणार नसेल, तर पोर आलं तसं घरी जाईल. मला घाई नाही. देवालाही नसावी."

पाळकसाहेब पाण्याकडं बघत राहिले. आत्याचे गुडघे थरथरत होते, पण ती काही बसेना. तेवढ्यात लेक उठली आणि तिनं आईच्या हातातून पोर काढून घेतलं. झालं, गेलं सगळं, असं मला वाटलं. लेकीनं सासूकडं न बघता पोर भट्टीवालीच्या हातात दिलं.

त्या दिवसापासून पंचांचे कपडे आत्याकडं यायचे बंद झाले. पुढल्या रविवारी पंच चुरगळलेल्या सदऱ्यात प्रार्थनेला उभे राहिले. आत्यानं भट्टीवालीला कोपरानं ढोसलं, आणि दोघींनी पदरात तोंड खुपसलं.