सोवळ्यातली इगतपुरी

आत्याने मला नाशिक रोडला पाठवलं होतं जाळीचं कपाट आणायला, आणि मी घेऊन आलो एक आगगाडी. झालं असं, की तिथला कोणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव चालला होता. कपाट एका पारशी गृहस्थाने पटकावलं. मग कोपऱ्यातल्या खोक्यात मला एक हिरवं, किल्लीचं इंजिन आणि दोन डबे दिसले. मी वकिलाच्या कचेरीतला कारकून, वय पंचविशीच्या घरातलं, डोक्यावर काळी टोपी. खेळण्यावर बोली लावायची मला लाज वाटली, पण तोवर हात वर गेला होता. खोक्यात रूळ नाहीत, हे परतीच्या टांग्यात कळलं.

आत्याने इंजिन खालून वरून पाहिलं आणि यात दूध कुठे ठेवायचं, एवढंच विचारलं.

ही गोष्ट सन तीसनंतरची. भद्रकालीच्या बाजूला तळमजल्यावर आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. बाहेरची खोली चांगली लांबलचक, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे उघडी पडवी. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे मला आत्याने वाढवलं. ती स्वतः ऐन तरुणपणी विधवा झालेली. तिचं सोवळं अख्ख्या आळीत प्रसिद्ध होतं. तिच्या वाळत घातलेल्या लुगड्यावरून उडताना कावळासुद्धा विचार करत असावा.

मला मित्र दोनच. एक शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट रंगवल्याशिवाय अपुरी वाटे. दुसऱ्याचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. कंदील, डबे, ट्रंका, चाळण्या, सगळं तो करी. तो मुसलमान, तेव्हा आमच्या घरी त्याची हद्द बाहेरच्या खोलीपर्यंत आणि त्याची कपबशी खिडकीत वेगळी. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पहिलीपासून एका बाकावर बसूनही आम्ही त्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

हा पत्रेवाला स्वतःला रेल्वेतला जाणकार समजे, कारण त्याचा मेहुणा मनमाडला इंजिनांच्या शेडमध्ये होता. मेहुणा तिथे काय करतो, हे आम्हाला कधीच नीट कळलं नाही. बहुधा दिवे पुसत असावा. पण आमचं इंजिन बघताच पत्रेवाल्याने मेहुण्याच्या थाटात त्याच्या चाकांवरून बोट फिरवलं आणि रूळ मी करणार, म्हणून जाहीर केलं. रॉकेलच्या डब्यांचा पत्रा कापून त्याने पट्ट्या काढल्या, त्यांच्या कडा दुमडल्या, आणि दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथे कथील वितळवून असा डाख लावला की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. त्याच्या दुकानाची सगळी प्रतिष्ठा त्या डाखावर उभी होती. त्याच्या कंदिलातून तेल गळलेलं कोणी पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कोणाला तरी सांगे.

अडचण वळणाची झाली. बाहेरच्या खोलीची रुंदी कमी. तिथे रूळ गोल फिरवले की गाडी वळणावर कलंडे. एका टोकाला कसंबसं वळण बसलं, तेही दाराच्या उंबऱ्यावर स्वार होऊन. दुसऱ्या टोकाला ऐसपैस वळण हवं तर गाडी स्वयंपाकघरात शिरायला हवी, आत फिरून परत बाहेर यायला हवी. मग आम्ही नकाशाच ठरवून टाकला. रस्त्याकडच्या दाराशी मनमाड, खोलीच्या मध्यावर नाशिक रोड, आणि स्वयंपाकघरात चुलीच्या पलीकडे इगतपुरी. इगतपुरीला तेव्हा नुकतीच विजेची इंजिनं आली होती, पण आमच्या इगतपुरीला धूर भरपूर होता.

आत्याने हे ऐकलं आणि शेजारच्या भटजींना बोलावलं. भटजींना दोन गोष्टी फार आवडत, चहा आणि निर्णय देणं. त्यांनी तिन्ही बाजूंनी विचार केला. धातूला विटाळ झाला तरी तो राखेने आणि पाण्याने जातो, तेव्हा रूळ धुऊन आत न्यायला हरकत नाही. मात्र आत ते बसवणाऱ्याने स्नान करून सोवळ्याने बसवावेत. राहिली गाडी. ती वाटेवर आहे, प्रवासात आहे, आणि प्रवासात आचार थोडा सैल असतोच. तेव्हा ती आली तशी न थांबता निघून गेली तर तिचा विटाळ नाही. पण आत थांबली, तर ती आली असं धरावं लागेल. मग सगळं बाटलं.

“म्हणजे इगतपुरीला थांबा नाही,” मास्तर म्हणाला. त्याला भटजींचा हा निर्णय कायद्यापेक्षाही चोख वाटला होता.

तर पौषातल्या एका रविवारी मी थंड पाण्याने आंघोळ केली, रेशमी मुकटा नेसलो आणि कुडकुडत स्वयंपाकघरात रूळ बसवायला लागलो. पत्रेवाला बाहेरच्या खोलीत उंबऱ्यापासून हातभर अंतरावर उकिडवा बसून मला डावीकडे दाब, उजवीकडे सोड, असं सांगत होता. त्याला आतलं काही दिसत नव्हतं, मला त्यातलं काही कळत नव्हतं. मास्तरने गोणपाट चिखलात बुडवून सुरेख डोंगर केले होते, पण गोणपाट सोवळ्यात चालत नाही म्हणून आत्याने ते अडवले. परिणामी आमचा इगतपुरीचा घाट साफ सपाट राहिला आणि सगळे डोंगर नाशिक रोडला जमा झाले.

त्या संध्याकाळी गाडी सुटली. मनमाडहून निघाली, डोंगरांतून वाट काढत उंबरा ओलांडून आत गेली, चुलीमागून खडखडत फिरली आणि बाहेर आली. पत्रेवाल्याने तिला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. आत्या भिंतीला पाठ लावून उभी होती. गाडी गेल्यावर तिने पदर सावरला आणि बरी आहे म्हणाली. तिच्या तोंडून एवढी स्तुती माझ्या मॅट्रिकच्या निकालालाही निघाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी इगतपुरीला थांबली.

चाकं जागच्या जागी फिरली, किल्ली संपली, आणि गाडी बरोबर चुलीमागे उभी राहिली. आत्याने भाजीची कढई उतरवली, आमटी गाईला घातली, पुन्हा आंघोळ केली आणि पुन्हा स्वयंपाकाला लागली. मलाही पुन्हा आंघोळ करून मुकटा नेसून ती गाडी झडप घालून बाहेर आणावी लागली. पुढच्या रविवारी हेच. मधल्या सणालाही हेच. नाशिकच्या थंडीत एका दिवसात इतक्या आंघोळी मी गंगेवरसुद्धा कधी केल्या नाहीत.

कारण काय, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. मी म्हणे स्प्रिंग ढिली झाली. मास्तर म्हणे जमिनीला उतार आहे. पण पहिल्या दिवशी याच जमिनीवर हीच गाडी फिरली होती, तेव्हा आमची दोन्ही मतं टिकेनात. आत्याचं मत मात्र पक्कं होतं आणि ती ते पाणी भरायला जाता येता सगळ्यांना ऐकवी. त्या पत्रेवाल्याचा सांधा उघडला. वरून झकपक, आतून कच्चा.

हे त्याच्या कानावर गेलं. त्याने बाहेरच्या खोलीत गाडी पुन्हा पुन्हा चालवली. कुठे अडली नाही. म्हणजे दोष आतच. मी रूळ उखडून बाहेर आणून दाखवतो म्हणालो, तर त्याने डोक्याला हात लावला. उखडला की तो सांधा राहत नाही, नुसत्या दोन पट्ट्या राहतात. शिवाय आत्याचंही म्हणणं, एकदा आत शुद्ध झालेली वस्तू बाहेर गेली तर परत यायची नाही. मी आत डोकावून मला दिसलं ते त्याला सांगितलं. आत अंधार, रूळ जमिनीबरोबर. मला काहीच वावगं दिसलं नाही. तो म्हणाला, तू कारकून आहेस, तुला शाई सांडलेली दिसते.

तो खरोखरच खंगला. पत्ते खेळायला येईना. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना मधेच गप्प होई. एका संध्याकाळी मनमाडच्या दाराशी बसून तो मला हळू आवाजात म्हणाला, “माझा कंदील गळला तर गिऱ्हाईक तो परत आणून माझ्या पुढ्यात आदळतं. बरं वाटतं रे, निदान बघता येतं. हे मला परतही मिळत नाही आणि बघताही येत नाही. सगळं गाव म्हणतंय कच्चा, आणि मी उंबऱ्याशी बसलोय.”

आतल्या खोलीत आत्या तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज मधेच थांबला होता, हे मला नंतर आठवलं. वर आत्याने जाहीर केलं होतं की आणखी एकदा गाडी आत थांबली तर ती रूळ स्वतःच्या हाताने उपटून विहिरीत टाकेल. तेव्हा पुढचा रविवार आम्हाला फाशीच्या दिवसासारखा वाटत होता.

शनिवारी कचेरीतून आलो तर आत्या पडवीत. मातीची नवी चूल घातलेली, ती अजून धड वाळलेली नाही, लाकडं ओली, आणि आत्या डोळे पुसत फुंकणीने फुंकतेय. शेजारी कोनाड्यात देवांचा डबा मांडलेला. पडवीला तिन्ही बाजूंनी आडोसा नाही. वारा असा की माझे दात वाजले. आत्याने अंगावर धाबळी घट्ट गुंडाळून घेतली होती.

इथे काय, म्हणून मी विचारलं.

“आत उकडतं,” आत्या म्हणाली. “आजपासून स्वयंपाक इथे. चूल जिथे, स्वयंपाकघर तिथे. देवही इथेच आणलेत. आतली ती आता नुसती खोली झाली. नुसत्या खोलीत कोण येतं, कोण जातं, हे मी बघायला बसलेली नाही.”

मला हसूही येत होतं आणि दुसरंही काही होत होतं. तोंड मिट आणि पत्रेवाल्याला निरोप दे, म्हणून तिने मला पिटाळलं.

तो रविवारी सकाळी आला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने नळावर पाय धुतले. उंबऱ्याशी क्षणभर थांबला आणि मग आत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याने भिंतीकडे, फडताळाकडे, जुन्या थंड चुलीकडे बघितलं, पण घाईत, जणू बघणं बरं नव्हे. मग तो सरळ जमिनीवर आडवा झाला, गाल जमिनीला टेकवला आणि रुळाच्या उंचीवर डोळा आणला. मास्तर आणि मी मागे उभे. त्याने सांध्यावरून अंगठ्याचं नख हळूच ओढलं.

नखात हिरवट काळं काहीतरी आलं.

ते शेण होतं. आत्या रोज पहाटे जमीन सारवायची. चुलीभोवतीची जागा तर दोनदा. आणि सोवळ्याच्या हद्दीत आलेले रूळ शुद्ध राहावेत म्हणून ती त्यांच्यावरूनही बोळा फिरवत होती, मोठ्या श्रद्धेने, एक दिवस न चुकता. पहिल्या संध्याकाळनंतर रुळांवर रोज एक पापुद्रा चढला होता. सांधा जसाच्या तसा होता. त्याखाली चकचकत होता.

पत्रेवाल्याने नख बघितलं. मग त्याने मान वळवून पडवीकडे बघितलं. आत्या धुरात बसून खोकत होती आणि खोकता खोकता कान इकडे लावून होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने नख पायजम्याला पुसलं.

“आत्याबाई,” तो मोठ्याने म्हणाला, “सांधा माझाच चुकला. फार खाली बसलाय. वर उचलून देतो.”

“मी पहिल्या दिवसापासून सांगत होते,” पडवीतून उत्तर आलं.

मास्तरने खोक्याच्या फळ्यांचे तुकडे केले, पत्रेवाल्याने तेवढे रूळ सारवणाच्या वर उचलून बसवले आणि खडबडीत कापडाने घासून पुसून काढले. गाडी सुटली, आत गेली, बाहेर आली. मी तिला पुन्हा किल्ली दिली. पुन्हा बाहेर आली. त्यानंतर आमची गाडी इगतपुरीला कधी थांबली नाही. आत्याने उरलेली थंडी पडवीत काढायचा हट्ट केला, पण भटजींनी मुहूर्त सांगितल्यावर चूल आणि देव परत आत आले, आणि पत्रेवाला परत उंबऱ्याच्या बाहेर.

आत्याने ही हकीकत आळीभर केली. तिच्या परीने ती त्याचं कौतुकच करत होती. सांधा कच्चा होता हो, पण त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, मनाचा मोठा आहे. ही बातमी बाजारात पोचली आणि दुकानाच्या फळीवर टेकून लोक त्याला विचारू लागले, कंदिलाचा डाख तरी नीट लावलाय ना. तो हसून, लावलाय, म्हणे आणि कंदिलात पाणी भरून दाखवी. पूर्वी त्याला हे कधी दाखवावं लागलं नव्हतं.

मला त्याचा फार राग आला. एका संध्याकाळी दुकानातच मी त्याला म्हणालो, खरं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? चुकली ती, नाव तुझं खराब झालं.

तो पत्रा कापत होता. कात्री न थांबवता म्हणाला, “म्हातारी माझ्यासाठी थंडीत बसली होती रे. तिला सांगू, की तूच केलंस हे सगळं?”

मग त्याने पट्टी कापून बाजूला ठेवली आणि दुसरा पत्रा घेतला.