आमच्या घरात अर्थ नाय!

माझ्या बहिणीचं, सविताचं लग्न जमलं ते शेजारच्या जनाकाका वायरमनमुळे. मोडणार होतं ते माझ्यामुळे.

मी नववीत शाळा सोडली आणि आता कोईमतूरला पंपाच्या कारखान्यात आहे. घर शेणव्याला. इतक्या लांबून काळजी करण्यापलीकडे माणूस काय करणार? (ती मी ओव्हरटाइम लावून करतो.) त्यात आई फोनवर म्हणाली, "फ्रीजला हात लावला का मुंग्या येतात रे." झालं! प्लगमध्ये खोचायचा टेस्टर लगेच पार्सल केला. दोन दिवे लागले तर वायरिंग ठीक, एकच लागला तर अर्थिंग नाही. कारखान्यात आम्ही अर्थिंगला नुसतं 'अर्थ' म्हणतो. घोळ तिथेच झाला.

टेस्टर पोचला नेमका आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी धसईचे पाहुणे सविताला बघायला येणार! मी त्या दिवशी सकाळीच फोन लावला. "आई, पावने यायच्या आत सगळे बोर्ड तपास. कोनाला शॉक बसला तर लग्न बाजूलाच!"

आईचे हात मोकळे हवेत म्हणून फोन स्पीकरवर, आवाज फुल्ल.

"सैपाकघरात किती दिवे?"

"एकच."

"अर्थ नाय! मधल्या खोलीत?"

"एकच रे."

"तिथं पन अर्थ नाय!"

शेवटच्या बोर्डालाही एकच. मी घाबरून ओरडलो, "आई गो, आख्ख्या घरात काय अर्थ नाय! मानसानं पाय ठेवू नये असल्या घरात!"

पाहुणे अर्धा तास आधीच येऊन ओटीवर बसले होते.

फोनमधून मला चपला सरकल्याचा आवाज आला. मग मुलाच्या मामाचा: "उठा रे! पोरीचा सख्खा भाव सांगतो घरात अर्थ नाय. आमी बसून काय करू?"

मी इकडून नुसता 'हॅलो, हॅलो' ओरडत राहिलो. पण पाहुण्यांच्या सरबराईला आलेले जनाकाका दारात आडवे आले. "ओ मामा, ह्या अर्थाचा तसा अर्थ नाय! अर्थिंग, अर्थिंग! जमिनीत जाते ती वायर! चला, दावतो."

काका सगळ्यांना परसात घेऊन गेले. अर्थिंगच्या खड्ड्यातून निघालेली हिरवी वायर वीतभरावर कापलेली! बाकीची दुधीच्या मांडवाला घट्ट बांधलेली.

"ही कोनी तोडली?" काकांनी विचारलं.

"यानंच," आईनं फोन सगळ्यांसमोर धरला. "गनपतीला आलेला तवा. म्हनला, हिच्यात करंट नसतो, फुकटची लोंबते."

परसात हशा उसळला. मामा म्हणाले, "म्हंजे घर बराबर हाय. अर्थ पोराच्या डोक्यात नाय!"

काकांनी मेन स्विच बंद केला, नवऱ्या मुलानं पक्कड धरली आणि नवी वायर जोडली गेली. पुन्हा टेस्टर खोचला. दोन दिवे! सविता म्हणते, तिची पसंती त्या पकडीलाच झाली.

जनाकाका, तुमचे उपकार मी एक दिवस फेडणार म्हणजे फेडणार. तुमच्या घराचे सगळे बोर्ड स्वतः येऊन तपासून देतो म्हटलं, तर तुम्ही व्हिडिओ कॉलवर कोपरापासून हात जोडलेत. बरं, दुसऱ्या कशानं तरी फेडीन. वायरीला बोट लावणार नाही, शप्पथ!