जयमालाच्या दुखण्याची तारीख

जयमाला एसटीत कंडक्टर होती. मेहकर ते बुलढाणा, चिखलीवरून, दिवसाला दोन फेऱ्या. सात वर्षांत तिनं एकही ड्युटी बुडवली नव्हती, आणि याचा तिला आतून फार अभिमान होता. म्हणून मार्चमधल्या त्या मंगळवारी चिखलीच्या अलीकडे, थांबा नसलेल्या जागी तिनं घंटी ओढली तेव्हा ड्रायव्हर इंद्रभान चक्रावलाच. गाडी गच्च भरलेली.

"काऊन थांबवली, बाई?" तो मागं वळून विचारतो तोवर ती उतरून रस्त्याकडेच्या एका घराकडे पळत सुटली होती.

घरातली म्हातारी, चांगुणाबाई, अंगणात हरभरा पाखडत होती. दारात घामाघूम उभी असलेली खाकीतली बाई बघून तिनं सूप खाली ठेवलं. बोट करून मागचा संडास दाखवला. आत गेल्यावर जयमालानं खाली पाहिलं. सगळं रक्त होतं.

बाहेर आली तर म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. गाडीतले लोक ओरडायला लागले होते. इंद्रभान खाली उतरून आला, त्यानं तिचा पांढराफटक चेहरा पाहिला.

"बुलढाण्यालेच जाऊन राह्यलो आपण. स्टँडवरून सिद्धे दवाखान्यात चाला. मी येतो संगं."

पोटाच्या डॉक्टर अनुपमा मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "हा त्रास केव्हापासून आहे?"

"आजच झाला मॅडम. एकदम."

दाराशी उभा असलेला इंद्रभान खाकरला. "मी बोलू काय, मॅडम? आजचं नाही हे. दिवाळीच्या पहिलेपासून बाई ड्युटीवर डब्बा खात नाही. चहाई सोडला. स्टँड आलं की सवारीच्या पहिले ही उतरते. थंडीत तर गुडघे धरून बसे. मले वाटे, काही उपास-तापास असतीन."

जयमाला खाली मान घालून बसली. एक पुरुष माणूस आपल्या संडासाबद्दल बोलतोय याची लाज वाटली, पण तो खोटं बोलत नव्हता. मग तिलाच एकेक आठवत गेलं. श्रावणात चार-सहा दिवस आव पडली होती. कुठंतरी बाहेरचं खाल्लं असेल म्हणून तिनं सोडून दिलं. पुढचे तीन आठवडे काहीच नाही. नंतर रक्ताचा थेंब. शेजारणीनं मूळव्याध सांगितली, तिनं चूर्ण घेतलं. पुन्हा बरं वाटलं, पुन्हा बिघडलं. कुठल्या थांब्यावर सोय आहे हे तिला पाठ झालं होतं. घोटभर पाण्यावर दिवस काढायची सवय लागली होती. सगळं इतकं हळूहळू झालं की दुखणं कुठून सुरू झालं हे तिला कळलंच नव्हतं.

दोन दिवसांनी दुर्बिणीनं तपासणी झाली. मॅडमनी पडद्यावर लालभडक जागा दाखवल्या. "मोठ्या आतड्याला सूज आहे, आतून जखमा आहेत. गुडघेही त्यामुळंच दुखतात. हा आजार कुणाला एकदम गाठतो, आठ दिवसांत माणूस आडवा होतो. कुणाकडे वर्षभर चोरपावलानं येतो, मधे गायबही होतो. तुमचा दुसऱ्या जातीचा."

"माह्या खाण्यानं झालं काय?"

"नाही. नक्की कारण सांगता येत नाही, पण तुमची चूक नाही."

"मग मुळापासून जाईन?"

"तसं वचन मी देणार नाही. पण औषधानं त्याला शांत ठेवता येतं. माझे कितीतरी पेशंट नोकऱ्या करतात."

घरी तिनं नवऱ्याला, भाजीचा धंदा करणाऱ्या गोकुळला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मले काऊन नाही सांगतलं?"

"असं कोण सांगते?"

दुसऱ्या दिवसापासून तो मंडईतून आल्या आल्या विचारू लागला, "आज किती डाव संडासले गेली?" जणू भेंडीचे किती तोडे झाले असं. पहिल्यांदा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अकराचे सात झाले, साताचे तीन, तशी ती स्वतःच दारातून हसत आकडा सांगायला लागली.

तीन महिने तिला पासच्या खिडकीवर बसायचं काम मिळालं. वजन भरून आलं आणि ती पुन्हा फेरीवर गेली. ऑगस्टमध्ये एका सकाळी थोडी आव दिसली, गुडघेही ठणकले. जयमालानं त्याच दिवशी मॅडमना फोन केला. तपासणी झाली, औषध वाढलं, दोन आठवड्यांत पोट शांत झालं. मागच्या वेळी हेच ओळखायला तिला सात महिने लागले होते.

फेब्रुवारीत तिनं लांब पल्ल्याच्या गाडीसाठी नाव दिलं. इंद्रभान म्हणाला, "नाशिक? इतल्या दूर?"

"हाव. मॅडमले विचारलं. जा म्हणे, गोळ्या संगं ठेव."

पहिल्या फेरीच्या दिवशी गोकुळ स्टँडवर सोडायला आला. तिच्या हातात जेवणाचा डबा होता, मऊ भात आणि मुगाचं वरण. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. ती बाकावर बसली आणि त्याच्याशी गप्पा मारत तिनं अर्धा डबा तिथंच संपवला.