भिंतीमागचे जुने ऑफिस

विकल्या गेलेल्या कंपनीचा इतिहास कुठे उरतो, हा माझा प्रश्न होता. कोलार रोडवरचा माझा तरुण शेजारी अशाच एका विकल्या गेलेल्या ब्रिटिश स्टुडिओच्या व्हिडिओ गेममधील चुका घरबसल्या शोधतो. त्या सवयीने तो आमच्या जिन्याच्या भिंतीही ढकलून पाहतो.

स्टुडिओच्या पहिल्या मंडळींनी किल्ल्याच्या खेळात, विहिरीजवळच्या भिंतीमागे, आपल्या जुन्या ऑफिसची हुबेहूब प्रतिकृती लपवली होती; भिंतीसमोर बटण दाबले की ती उघडे.

"नव्या मालकांनी ते काढलं, की पुढे आमचीच छुट्टी," तो म्हणे.

काल खेळाची नवी आवृत्ती आली. त्याने खेळ विहिरीजवळच्या भिंतीपर्यंत नेला आणि कंट्रोलर माझ्यापुढे सरकवला.

"काका, तुम्हीच दाबा. मेरी हिम्मत नहीं होती."

मी बटण दाबले. भिंत उघडली नाही.

"नीट दाबलंत ना?"

माझ्याकडून चूक झाली असेल. ज्यांच्याकडे हा खेळ आहे, त्यांनी कृपया स्वतः तपासून पाहावे.